खाडीला शिस्त लावा

नवी मुंबईत ठाणे खाडीकाठी, नेरूळ-सीवूड्सकडे ‘फ्लेमिंगो व्ह्यू’चा फ्लॅट घेतलात? अभिनंदन! आता व्ह्यूमध्ये चिखल, वास आणि डास फुकट आलेत, ते का सोसायचे? गुलाबी तेवढं ठेवा, बाकी काढून टाका.

सुरुवात तिवरांपासून, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीपासून करा. कुऱ्हाड मात्र लावू नका. त्याने गुन्हा दाखल होतो. रात्री दोन डंपर राडारोडा मुळांवर ओतला की भागतं. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, म्हणून तिवराची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं वर डोकं काढून उभी असतात. ती गाडली की झाड उभ्याउभ्या गुदमरतं. एवढाही खर्च नको असेल तर भरतीचं पाणी आत आणणारा पाइप बुजवा. पावसाचं पाणी तुंबून मुळं कुजतात, आणि कुणीच काही केलेलं नसतं.

पावसाळ्यात कधी तिवरं अचानक निष्पर्ण दिसतील. सुरवंट! लगेच फवारणीसाठी अर्ज द्या. उशीर केलात तर पक्षी ताव मारतील, सुरवंटांची विष्ठा खत होऊन चिखलात जाईल आणि झाडं आपोआप पुन्हा पालवतील. वेळेत फवारलंत तर पक्ष्यांचं जेवण जातं, खाली खेकडेही मरतात. तसेही ते दिवसभर बिळंच खणत असतात. त्या बिळांतून हवा-पाणी मुळांपर्यंत उतरतं म्हणे. बुजवा ते खड्डे. रस्त्यावरचे राहू द्या.

पक्ष्यांची गर्दी तर बघवत नाही. एकाच चिखलावर टिलवा, गॉडविट, कर्ल्यू, आणि भांडण नाही! पार्किंगचा अनुभव असलेल्या माणसाला हे संशयास्पद वाटणारच. टिलव्याची चोच इंचभरही नाही, तो वरवरचं टिपतो. कर्ल्यूची पाच इंचांच्या घरात, तो खोल बिळातला किडा ओढून काढतो. जमीन एक, मजले वेगळे. रोहितांचंही, म्हणजे फ्लेमिंगोंचंही, तेच: छोट्या जातीच्या रोहिताच्या चोचीत चहाची गाळणी, तो सूक्ष्म शेवाळ गाळतो, मोठ्याची चाळणी जाड, त्याला अळ्या, शिंपले, कोळंबीच्या जातीचे बारके जीव लागतात. गॉझ या रशियन शास्त्रज्ञाने 1934 मध्ये दाखवलं होतं की एकाच अन्नावर, एकाच नळीत वाढवलेल्या दोन प्रजातींपैकी एक संपते. तुम्ही सगळ्यांना एकाच मजल्यावर आणा. चिखलावर भराव टाकून पट्टा अरुंद केला की पुरे.

भरतीला खाडी खोल होते, तेव्हा रोहित आसपासच्या उथळ तळ्यांत ओहोटीची वाट बघत उभे राहतात. तो पाइप मघाशीच बुजवलात ना? मग ती प्रतीक्षागृहंही बंद. खाडी 2015 मध्ये अभयारण्य झाली, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. पण तळी त्या रेषेबाहेर आहेत, चिंता नसावी. आणि रोहितांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातूनच येतो, हे ब्रोशर छापणाऱ्याला सांगू नका.

जागा रिकामी मात्र राहणार नाही. भरती थांबली की डासांच्या अळ्या खाणारे मासेही आत येत नाहीत, आणि तुंबलेलं पाणी डासांना मानवतं. कबुतर मूळचं कड्याकपारीतलं. तुमचा तेविसावा मजला, डक्ट आणि एसीमागची फट त्याला माहेरच वाटेल. तेव्हा पुढच्या सभेत दोनच विषय घ्या: फॉगिंग आणि बाल्कनीच्या जाळीचं कोटेशन.