एका फवारणीत दोन माश्या मरत नाहीत

पशुपालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला सारखा फिरतो. गुरांना चावणाऱ्या माश्या सगळ्या एकाच जातीच्या, माद्याच रक्त पितात, अंडी शेणात घालतात. तेव्हा शेण उचला, गोठा फवारा, काम झालं. वर दिलासा असा की माश्यांनी दूध घटतं, रोग काही होत नाही.

एकाच जातीच्या? गाईच्या पायावरची माशी नीट बघा. दिसायला घरमाशीच, पण ताठ सोंड पुढे आलेली. ही स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. काही मिनिटांत रक्त पिऊन ती भिंतीवर जाऊन बसते. शेपटीच्या बुडाशी, कासेजवळ असते ती हिप्पोबोस्का मॅक्युलाटा: तपकिरी, पिवळसर ठिपक्यांची, चपटी. केसांतून खेकड्यासारखी तिरकी सरकते, चिमटीत दाबली तरी सहज मरत नाही आणि बहुतेक वेळ जनावराच्या अंगावरच काढते.

माद्यांचं म्हणाल तर ते डासांना लागू. या दोन्ही माश्यांचे नरही रक्त पितात.

अंड्यांबाबत सल्ला पार फसलाय. हिप्पोबोस्का अंडी घालतच नाही. एका वेळी एकच अळी मादीच्या पोटात, तिच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर वाढते. आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीचंही असंच. (माशीनं पिल्लाला पोटात पाजावं, हे मला अजून नवलाचं वाटतं.) पूर्ण वाढलेली अळी कोरड्या मातीत किंवा भेगेत पडते आणि लगेच तिचा कोष होतो. बाहेर तिला काही खायचंच नसतं, मग शेण उचलून तिचं काय बिघडणार? स्टोमॉक्सिस शेकडो अंडी घालते खरी, पण तिला शेणमुतात कुजलेली वैरण जास्त मानवते. गव्हाणीखालची ओली कुट्टी उकरून पाहा, अळ्या तिथं सापडतील.

रोगाचा दिलासाही खोटा. पिता पिता हाकललेली स्टोमॉक्सिस सोंडेवरचं रक्त घेऊन दुसऱ्या जनावरावर बसते. सर्रा हा रक्तातल्या परजीवीमुळे होणारा रोग असाच पसरतो. २०२२ साली महाराष्ट्रभर पसरलेल्या लंपीचा विषाणूही ती पोचवू शकते, हे प्रयोगांत दिसलं आहे.

आता फवारणी. भिंतीवरच्या स्टोमॉक्सिस तिनं मरतात, पण ओली वैरण तशीच राहिली तर दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी हजर. अंगावर मुक्काम करणाऱ्या हिप्पोबोस्कापर्यंत भिंतीवरचं औषध फारसं पोचतच नाही. मात्र तिची वीण संथ, म्हणून जनावराच्या अंगावरच तिला मारलं तर फरक पडतो. त्यासाठीचं औषध आणि मात्रा पशुवैद्यकांनाच विचारा; दुभत्या जनावरासाठी दूध किती दिवस बाजूला ठेवायचं तेही.