वाळवीचे पचन: एका आक्षेपाला उत्तर

‘वाळवी लाकूड स्वतः पचवते’ हे माझे विधान आपल्याला दिशाभूल करणारे वाटले, कारण ते काम तिच्या आतड्यातले आदिजीव (एकपेशी सूक्ष्मजीव) करतात असे आपण शाळेत शिकलात. विधान मी फार मोघम केले, हे मान्य करतो. परंतु शाळेतले वाक्यही सगळ्या वाळव्यांना लागू पडत नाही.

त्या वाक्यामागे १९२०च्या दशकातले अमेरिकी जीवशास्त्रज्ञ क्लीव्हलंड यांचे प्रयोग आहेत. आदिजीव नाहीसे केलेली वाळवी लाकूड खात राहिली आणि तरीही काही आठवड्यांत उपासमारीने मेली. त्यावरून तिच्याकडे लाकूड पचवणारे स्वतःचे विकर (एंझाइम) नसावे अशी समजूत रूढ झाली. १९९८ साली मात्र जपानी संशोधकांना सेल्युलोज, म्हणजे लाकडाचा मुख्य घटक, तोडणाऱ्या विकराचे जनुक वाळवीच्याच पेशींत सापडले आणि हे विकर तिच्या लाळग्रंथींत तयार होते हेही दिसले.

मग क्लीव्हलंड यांची वाळवी मेली का? सेल्युलोज ही ग्लुकोजची लांबलचक साखळी. तिच्या ढिल्या भागांवर एंडोग्लुकानेज मधूनच घाव घालते आणि त्या तुकड्यांतून बीटा-ग्लुकोसिडेज ग्लुकोज सुटे करते. ही दोन्ही विकरे वाळवीची स्वतःची आहेत, पण घट्ट, स्फटिकासारख्या रचलेल्या भागात साखळी टोकाकडून सोलत नेणारे तिसरे विकर लागते, आणि ते आदिजीवांकडे असते. नुसत्या लाळेवर तिचे भागत नाही.

आता आपण उल्लेखलेली वेताळ टेकडीवरची वारुळे. ती बांधणाऱ्या ओडोन्टोटर्मिस वाळवीच्या आतड्यात हे आदिजीव नसतातच. चर खणताना उभे कापले गेलेले एक वारूळ मी पाहिले आहे: आत अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला, करडा, बोटाला दमट लागणारा गोळा आणि त्यावर मोहरीएवढ्या पांढऱ्या गाठी. वाळवीने एकदा खाऊन बाहेर टाकलेल्या पालापाचोळ्यावर तिने जोपासलेली ही टर्मिटोमायसीस बुरशी. लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) आणि सेल्युलोज मऊ करण्याचे बरेचसे काम बुरशी करते, मग तो गोळा वाळवी पुन्हा खाते. (पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी हीच.)

राहिला प्रश्न आपल्या सदाशिव पेठेतल्या कपाटातल्या पोथ्या खाणाऱ्या किड्याचा. चंदेरी, चपटा, उजेड पडताच सुळकन पळणारा तो किडा वाळवी नव्हे, कसर आहे. जंतुविरहित वाढवलेली कसरदेखील सेल्युलोज पचवते, हे १९५६ सालीच प्रसिद्ध झाले होते. ‘स्वतः पचवते’ हे माझे शब्द तिच्याबद्दल असते, तर मला ते मागे घ्यावे लागले नसते.