८:१४ ची कल्याण आणि ‘नॉट गिव्हन’

समजा, दादरच्या फलाटावर इंडिकेटर लागलाय: कल्याण, ८:१४, फास्ट, १२ डबे. आता तीन विधानं. गाडी पंधरा डब्यांची आहे. गाडी डोंबिवलीला थांबेल. गाडीत बसायला जागा मिळेल. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, वाचनाच्या पेपरात, उतारा देऊन अशा विधानांपुढे ट्रू, फॉल्स किंवा नॉट गिव्हन लिहायचं असतं. पहिलं फॉल्स, इथवर सगळे पोचतात. दुसऱ्यापुढे मुंबईकर बेधडक ट्रू लिहितो आणि तिसऱ्यापुढे हसत हसत फॉल्स. दोन्ही चूक. इंडिकेटरवर डोंबिवलीचं नाव नाही, आणि जागेबद्दल रेल्वेने कुणाला कधी शब्द दिलेला नाही.

उताऱ्यात आपण आपटतो ते पुष्कळदा असे. इंग्रजी कमी पडतं म्हणून नव्हे, अक्कल उतू जाते म्हणून. उतारा मधमाश्यांवर असला की मामाच्या गावचं आग्यामोहोळ उत्तरपत्रिकेत घोंघावायला लागतं. यावरचा उपाय अगदी कोरडा आहे: प्रत्येक उत्तरासाठी एका ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. ओळ विधानाला दुजोरा देत असेल तर ट्रू, विधान खोडून काढत असेल तर फॉल्स, बोट हवेतच राहिलं तर नॉट गिव्हन. या प्रकारातली उत्तरं उताऱ्याच्या क्रमानेच येतात. म्हणून चौथ्याची आणि सहाव्याची ओळ सापडली, की पाचव्याला त्या दोहोंच्या मधेच शोधायचं. त्यासाठी सबंध उतारा धुंडाळणं म्हणजे घाटकोपरला विसरलेली छत्री विरारला शोधणं.

दुसरं दुखणं मात्र भाषेचंच. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि विशेषणांची वरात नामाच्या पुढे चालते. इंग्रजीत सुटं विशेषण पुढे असतं, पण लांबलचक वरात नवरदेवाच्या मागून येते. हे वाक्य घ्या: ‘द रिपोर्ट दॅट द कमिटी अपॉइंटेड बाय द गव्हर्नमेंट सबमिटेड लास्ट इयर वॉज रिजेक्टेड.’ घाईत वाचणारा कमिटीला कुणाची तरी नेमणूक करायला लावतो, रिपोर्ट सादर झाला म्हणून खूश होतो आणि शेवटी रिजेक्ट नेमकं कोण झालं, या विचारात पुढच्या परिच्छेदात जाऊन पडतो. आपल्याकडे ‘नेमले’ आणि ‘नेमलेली’ ही रूपं वेगळी, त्यामुळे घोटाळा होत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे तोच ‘अपॉइंटेड’. म्हणून लांब वाक्य दिसलं की आधी कर्ता आणि त्याचं स्वतःचं क्रियापद यांची गाठ घालून द्यायची: रिपोर्ट, वॉज रिजेक्टेड. मधली मंडळी नंतर. सरकारने नेमलेल्या समितीने गेल्या वर्षी सादर केलेला अहवाल फेटाळला गेला. बस्स, एवढंच होतं.

शब्दांचं म्हणाल, तर अवघड शब्द फारसे दगा देत नाहीत. ते दिसताच आपण सावध होतो. दगा देतात ते रोजच्या ओळखीचे. ‘सँक्शन’ म्हणजे वॉर्ड ऑफिसात मिळते ती मंजुरी, पण दोन देशांच्या भांडणात तोच शब्द निर्बंध होऊन येतो. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडेफार, नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळपास नाहीतच. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, कष्टाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि क्लासमध्ये हात वर करून विचारतो तो ‘डाउट’ उताऱ्यात आला, तर बहुधा तो प्रश्न नसून अविश्वास असतो.

वेळेचा हिशेब लोकलने चांगला समजतो. तीन उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. ठाण्याहून सीएसएमटीची स्लो लोकल साधारण तेवढाच वेळ घेते. पहिला उतारा घाटकोपरच्या आसपास आणि दुसरा दादरच्या आसपास संपायला हवा. भायखळ्यापर्यंत दुसऱ्यातच रमलात, तर तिसरा, म्हणजे सहसा सर्वांत कठीण, मशीद आणि सीएसएमटीच्या मधे उरकावा लागतो. वाचनाचा पेपर कागदावर असेल, तर उत्तरं उतरवून काढायला वेगळी मिनिटं मिळत नाहीत, म्हणून उत्तर थेट उत्तरपत्रिकेवरच लिहावं. दोन शब्दांची मर्यादा असताना तिसरा लिहिला की उत्तर गेलं. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा रिकामी जागा सोडणं हा निव्वळ माज.

घरी सरावाला एक वही पुरते. पहिल्यांदा घड्याळ लावून सोडवा. मग उत्तरं न बघता, निवांत, पुन्हा सोडवा. दोन्हीकडे चुकलं तर इंग्रजी कच्चं, नाहीतर अक्कल उतू गेलेली. पहिल्यांदाच चुकलं तर घाई. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्द, वाक्यरचना, घाई किंवा अतिशहाणपणा. शेवटच्या रकान्याला जरा जास्त जागा ठेवा. क्लासवाले रोज पन्नास शब्द पाठ करा म्हणतात; माझ्या मते या वहीतले पाच त्याहून बरे.

सरावाची पुस्तकं मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी मिळतात. त्यात आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा असतात आणि तो सगळीकडे ठाम असतो. त्या खोडू नका. आपली उत्तरं वेगळ्या कागदावर लिहा आणि जिथे त्याचं नि आपलं पटत नाही, तिथे दोघांसाठी ओळ शोधा. शेवटची उत्तरांची पानं कुणीतरी फाडून नेलेली असली, तर दोन पैसे कमी करून मागा.