ऑक्सिजन सेन्सरचा कोड: चोर सोडून संन्याशाला फाशी

पावसाळा सरला आणि ताडपत्रीखालच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या बाहेर निघाल्या, की कोकणात एक मेसेज हमखास फॉरवर्ड होतो. मजकूर थोडक्यात असा: ‘चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१३० ते पी०१७५ मधला कुठलाही कोड आला, तर ऑक्सिजन सेन्सर गेला समजा. चारही एकदम बदला. खर्च नको असेल तर सेन्सर काढून रात्रभर पेट्रोलमध्ये किंवा ॲसिडमध्ये बुडवा. मग कोड पुसा, काम झालं.’ हा सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. पोर्शे बॉक्स्टर ९८६ सारख्या सहा सिलिंडरच्या गाडीत सेन्सर सहसा चार असतात: इंजिनाच्या दर बाजूला कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) पुढे एक, मागे एक. मेसेजवर विसंबलात तर खिसा रिकामा होतो आणि दिवा आठवड्याभरात परत लागतो.

‘कुठलाही कोड आला तर सेन्सर गेला.’ मेसेजमधली सगळ्यात महागडी चूक हीच, कारण या कोडांचे अर्थ एकमेकांपासून फार लांब आहेत. पी०१३५ आणि पी०१५५ हे पुढच्या सेन्सरच्या हीटरचे (सेन्सर लवकर तापवणाऱ्या आतल्या तारेचे), पी०१४१ आणि पी०१६१ मागच्या सेन्सरच्या हीटरचे. पी०१३३ आणि पी०१५३ म्हणजे सेन्सर संथ झालाय. पी०१३१, पी०१५१ म्हणजे व्होल्टेज कमी. पी०१७१ आणि पी०१७४ आले, तर मिश्रण लीन, म्हणजे त्यात हवा जास्त आहे एवढंच गाडी सांगते, आणि बहुतेक वेळा सेन्सर तिथे खरं बोलत असतो. बँक म्हणजे इंजिनातली सिलिंडरांची एक बाजू. एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला, ती बँक १. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात सहसा बँक २ नसतेच.

लीनचा कोड आला तर आधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त देतोय, ते बघा. इंजिन पूर्ण गरम करा. आयडलला शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (शिकलेली) ट्रिम यांची बेरीज टिपून घ्या, मग २५०० आरपीएमवर परत टिपा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलला +२० आणि २५०० ला +५ येत असेल, तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. उलट लोड वाढेल तशी ट्रिम वाढत गेली, तर फिल्टर, पंप, पेट्रोलचं प्रेशर किंवा एअर मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) यांच्याकडे वळा. दोन्ही बँका लीन असतील तर कारण सहसा सामाईक असतं. एकच असेल तर त्याच बाजूला शोधा.

९८६ मध्ये हवा शिरण्याची दोन ठिकाणं ठरलेली. इंजिन ऑइल ओतायची नळी पन्हळीसारखी वळ्यावळ्यांची, प्लॅस्टिकची असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती कडक होते आणि वळीच्या खाचेत केसाएवढी चीर जाते. वरून बघून काहीच दिसत नाही, हाताने हलकी वाकवली की चीर तोंड उघडते. दुसरं ठिकाण एअर ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग. त्याचा पडदा फाटला की हवा तर ओढली जातेच, शिवाय स्टार्ट करताना पांढऱ्या धुराचा लोट येतो. स्मोक मशीन (नळ्यांत धूर सोडून गळती दाखवणारं यंत्र) लावलं तर दोन्ही सापडतात.

एक्झॉस्टचंही तसंच. खाऱ्या हवेने मॅनिफोल्डचे नट-बोल्ट आणि जोड गंजतात. सेन्सरच्या आधी बारीक गळती असेल, तर एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांमध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि मायलेज पडतं. मिसफायरमध्येही (सिलिंडरमधलं मिश्रण पेटलं नाही तर) न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, म्हणून पी०३०० पासूनचा एखादा कोड सोबत असेल तर आधी तो मिटवा.

ई२० चा भागही मोजायला हवा. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे १३.५ पट. म्हणजे ई२० पूर्वीच्या गाडीत ईसीयूला आठ-नऊ टक्के जादा पेट्रोल द्यावं लागतं. ट्रिम आधीच तितकी वर चढलेली असते, त्यामुळे एरवी खपून गेलेली छोटी गळती आता कोड टाकते.

हीटरच्या कोडात मात्र किनारपट्टीचा हात मोठा. आधी फ्यूज बघा. मग सेन्सरचा कनेक्टर सोडा आणि पिना उजेडात धरा. मिठाच्या हवेत चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर आलेला असतो आणि वायरवर उंदरांचे दात असतात. सेन्सरच्या बाजूला हीटरचा रेझिस्टन्स मोजा. बॉश पद्धतीच्या चार वायरींत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी ग्राउंडची. थंड असताना काही ओहम यायला हवेत. सर्किट उघडं दाखवलं तर सेन्सरचा हीटर खरोखर गेलाय. हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या) बाजूला १२ व्होल्ट इंजिन चालू ठेवून तपासा, कारण काही ईसीयू हीटरला इंजिन सुरू झाल्यावरच ग्राउंड देतात. कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नका. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतून घेतात. म्हणूनच त्या वायरींना सोल्डर करायचं नसतं.

सेन्सर खरंच मेलाय का, हे दहा मिनिटांत कळतं. जुन्या झिर्कोनियाच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये खालीवर होतं. मागून पिन खुपसून डिजिटल मीटर लावा. व्हॅक्यूमची एक नळी काढली की आकडा ०.२ च्या खाली यावा, ॲक्सिलरेटर झटकन दाबला की ०.८ च्या वर जावा, तेही न रेंगाळता. दोन्ही झालं तर सेन्सर निर्दोष. मागच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.६-०.७ वर जवळजवळ स्थिर राहतं, ते चांगल्या कॅटचं लक्षण आहे. पाच-सहा वायरींच्या वाइडबँड सेन्सरला आणि काही जपानी गाड्यांच्या चार वायरींच्या एअर-फ्युएल सेन्सरला हे आकडे लागू नाहीत. सिग्नलच्या वायरवर ओहमचं बटण लावू नका.

‘चारही एकदम बदला.’ लाख-दीड लाख किलोमीटर झालेले पुढचे दोन सेन्सर संथ झाले असतील, तर दोन्ही जोडीने बदलणं रास्त आहे. मागचे दोन सहसा बरेच जास्त टिकतात.

पेट्रोल आणि ॲसिडचा उपाय गाडीचं नुकसानच करतो. साधी काजळी मिश्रण सुधारलं की सेन्सरच्या स्वतःच्या उष्णतेत जळून जाते. सिलिकॉन सीलंट किंवा कूलंटमुळे बसलेला पांढरा काचेसारखा थर पेट्रोलने जात नाही, आणि ॲसिड सेन्सरच्या टोकावरचे नाजूक थर बिघडवू शकतं. टोकावर पांढरा थर दिसला तर नवा सेन्सर घालण्याआधी कूलंट कुठून जातंय ते शोधा, नाहीतर नव्याचंही तेच होईल.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. कोड पडला तेव्हाचं आरपीएम, तापमान, लोड आणि ट्रिम त्यात असतं, पुसलं की ते गेलं. शिकलेल्या ट्रिमही शून्यावर येतात, म्हणून पुसल्यावर दिवा बंद दिसणं हा दुरुस्तीचा पुरावा नाही. हायवेवर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा, मग स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सर आणि हीटर दोन्हींचे मॉनिटर (गाडीने स्वतः घेतलेल्या चाचण्या) ‘पूर्ण’ दाखवतात का बघा.

सेन्सर बदलायचाच असेल तर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा आणि एक्झॉस्ट कोमट असताना २२ मिमीच्या खाचेच्या सॉकेटने सोडवा. अडला तर किंचित घट्ट करून परत सोडवा, जोर लावून एम१८ ची चूडी उपटू नका. नव्याच्या चूडीवर कंपनीचं अँटीसीझ लावलेलं असतं, टोकाला बोट लागू देऊ नका. ४० ते ५० न्यूटन मीटरला घट्ट करा आणि वायर एक्झॉस्टला टेकणार नाही अशी मूळ क्लिपमध्येच बसवा.