पॉपला नाक मुरडण्याची शास्त्रोक्त पद्धत

आपण बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या टापूतले गायक-वादक असाल, किंवा आपल्या घरात निदान एक पेटी धूळ खात पडली असेल, तर दूरचित्रवाणीवरच्या भव्य मदतनिधी मैफलींविषयी आपले मत असणे अनिवार्य आहे आणि ते प्रतिकूलच असले पाहिजे. कुमार गंधर्वांचे सुळेभावी आपल्या अगदी जवळ. मल्लिकार्जुन मन्सूरांचे धारवाड आणि गंगूबाई हनगलांचे हुबळीही काही फार लांब नाही. या भूगोलाचा आपल्या गळ्यावर परिणाम झाला नसला, तरी मतांवर तो झालेला दिसलाच पाहिजे.

सुरुवात 1971 पासून करावी. त्या वर्षी 1 ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल झाली. पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखा यांची वाद्ये नुसती जुळवून होताच सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे पंडितजींनी श्रोत्यांना ऐकवले. हा किस्सा प्रत्येक बैठकीत सांगावा आणि सांगून झाल्यावर क्षणभर गप्प बसावे, म्हणजे पॉप ऐकणाऱ्या जनतेची लायकी मंडळींच्या आपसूक ध्यानात येते.

मात्र किस्सा तिथेच थांबवावा. पुढे गेल्यास असे निघते की स्वतःच्या कार्यक्रमातून पंचवीसेक हजार डॉलर जमवावेत असा पंडितजींचा मूळ विचार होता, त्यासाठी ते आपण होऊन बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनकडे गेले, हॅरिसनने बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार यांना गोळा केले आणि एकाच दिवसाच्या दोन खेळांच्या तिकिटांतून 2 लाख 43 हजार डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. ज्यांना जुळवणी कुठे संपते हे कळत नव्हते, त्यांनीच पदरमोड करून तिकिटे काढली होती, हा तपशील बैठकीचा बेरंग करतो. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचे पैसे आधी रीतसर करमाफी न घेतल्यामुळे अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षे अडकून पडले, हेही सांगण्याच्या भानगडीत पडू नये. पैसा कुठे गेला हे हिशेबनिसांनी विचारावे; आपण सुराबद्दल बोलावे.

13 जुलै 1985 ची लाइव्ह एड, म्हणजे इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठीची मैफल, तर आपल्यासारख्यांसाठीच घडवली असावी. लंडनचे वेम्बली, फिलाडेल्फियाचे जेएफके स्टेडियम, सुमारे सोळा तास चाललेला सोहळा, आणि त्यात पॉल मॅकार्टनी पियानोवर गायला बसल्यावर पहिली काही मिनिटे त्याचा माइकच बंद! फिल कॉलिन्स लंडनला गाऊन कॉन्कॉर्ड विमानाने अमेरिकेत पोहोचला आणि त्याच दिवशी तिथेही वाजवून मोकळा झाला, तर लेड झेपलिन या रॉक बँडने आपलेच वादन पुढे डीव्हीडीवर घालू दिले नाही. हे सांगताना चेहऱ्यावर जो आनंद पसरतो, तो दाबून ठेवण्याचे कारण नाही. फक्त डिलनचा विषय टाळावा. त्याने भर मंचावरून, जमलेल्या पैशातले थोडे अमेरिकेतल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांना मिळावे असे म्हटले, त्यावर संयोजक बॉब गेल्डॉफ संतापला, आणि तरीही अवघ्या दोन-सव्वादोन महिन्यांत विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प यांनी इलिनॉयमध्ये त्या शेतकऱ्यांसाठी फार्म एड ही मैफल उभी केली. उसाच्या बिलाची वाट बघणाऱ्या गावात बसून डिलनला अवेळी बोलल्याबद्दल दोष देणे जरा जड जाते.

काही संगीतकारांनी या मैफलींवर वेगळ्याच अंगाने बोट ठेवले, त्यांच्या नादी लागू नये. 2005 च्या लाइव्ह 8 मध्ये आफ्रिकेसाठी हाक देताना मुख्य मंचावर आफ्रिकेचे कलावंत कुठे आहेत, असे ब्लर या बँडच्या डेमन अल्बार्नने विचारले. शेवटी त्यांच्यासाठी कॉर्नवॉलमध्ये स्वतंत्र कार्यक्रम झाला. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरने त्या मैफलीनंतर वाढलेल्या विक्रीतला आपला नफा दान करण्याचे जाहीर केले आणि इतरांनीही तसेच करावे असे सुचवले. असली मते संसर्गजन्य असतात. एकदा लागण झाली की माणूस तानेवरून उठतो आणि ताळेबंदावर जाऊन बसतो.

आता घरचे कार्य. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा घराघरांत शिरल्या; तसा प्रसंग पुन्हा आला तर नाट्यगृहात मदतनिधीचा कार्यक्रम होणारच आणि स्थानिक केबलवर तो थेट दिसणारच. त्याला अवश्य जावे. पहिली रांग पुढाऱ्यांची असल्याने तिसऱ्या रांगेत बसावे. शाल, श्रीफळ, फेटा आणि थर्माकोलचा दारापेक्षा मोठा धनादेश यांत पाऊण तास गेला तरी चकार शब्द काढू नये, कारण तो संगीताचा भाग नव्हे. कन्नड गाणी किती आणि मराठी किती हे मोजायला शेजारी कोणीतरी बसलेले असतेच, तेव्हा तेही काम अंगावर घेऊ नये. ज्यांच्या गावात खरोखर पाणी शिरले, त्या भजनी मंडळाला दुपारी चारला, खुर्च्या मांडणे चालू असताना गाऊन घ्यायला सांगितले आणि टाळ वाजत असतानाच साउंडवाल्याने ‘हॅलो, चेक’ सुरू केले, तरी आपण डोळे मिटून घ्यावेत. आपला सगळा संताप रिॲलिटी शोमधून आलेल्या पाहुण्या गायकासाठी राखून ठेवावा. तो ट्रॅकवर, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या साथीवर गातो, हे शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावे.

संयोजकांनी आपल्यालाच गायला बोलावले तर प्रथम तानपुऱ्याची जोडी मागावी, मग बिदागीचा विषय काढावा आणि पूरग्रस्तांसाठी आहे असे ऐकल्यावर घसा बसल्याचे सांगावे. परंतु कार्यक्रम केबलवर नव्हे, मोठ्या वाहिनीवर दिसणार असल्याचे समजले, तर घसा त्याच संध्याकाळी सुटायला हरकत नाही. तेव्हा राग वगैरे सांगत बसू नये. लोकांना आवडेल असे काहीतरी ठरवावे, पट्टी कीबोर्डवाल्याला कळवावी आणि ट्रॅक दोन पेनड्राइव्हवर घालून न्यावा, कारण ऐन वेळी एखादा चालत नाही.