त्यांना काय विचारायचं?

रात्रीचे साडेदहा वाजलेत, मीटिंग आठलाच संपली, मधे गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीवर, जाऊन तासभर बसूनही आले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधनं परवा रात्री गिअरची सायकल गेली. कॅमेरा दोन महिने बंदच. रात्रपाळीला वॉचमन काका होते, पेठ तालुक्यातले, सहा वर्षं आहेत आमच्याकडे, माझ्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा खुर्चीसकट उचलून खाली आणलेलं त्यांनी. आज दहा मिनिटांत ठरलं, काका उद्यापासून नकोत. मी एवढंच म्हटलं, अहो पण त्यांना विचारलं का कुणी? तर एक गृहस्थ, भरपूर शिकलेले, घरात भिंतभर पुस्तकं, मोबाईलमधनं मान वर न काढता म्हणाले, "त्यांना काय विचारायचं?" आणि पुढचा विषय सुरू, टाकी धुण्याचा.

मी सहावीत होते, पंचवटीतल्या एका शाळेत. पांडवलेण्यांची सहल होती, प्रत्येकाचे पाच रुपये, आणि बाईंच्या टेबलावरचं पैशांचं पाकीट गेलं. मधल्या सुट्टीत वर्गात मी एकटीच होते, ताप होता म्हणून डोकं टेकून बसलेले. बस, ठरलं. मला बाहेर ओट्यावर उभं केलं, दोन तास. येणारी जाणारी पोरं बघतायत. बाईंनी मारलं नाही, ओरडल्याही नाहीत फारशा, पण विचारलंच नाही हो. "तू घेतलेस का?" एवढं सुद्धा नाही.

मग शाळेचे शिपाई मामा आले, घंटेचा टोल देऊन. माझ्यासमोर उकिडवे बसले, म्हणजे त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं, आणि म्हणाले, "काय झालं गं बाळा? तू सांग." मला अजून त्यांच्या टोपीचा मळका काठ दिसतो.

आपल्या भाषेत विचार करणं आणि विचारणं एकाच शब्दातनं निघालंय, हे कधी लक्षात आलंय का तुमच्या? मला आज घाटावर बसल्यावर लक्षात आलं आणि अंगावर काटाच आला. विचारपूस म्हणतो आपण, कुणी विचारत नाही म्हणजे कुणी किंमत देत नाही असं म्हणतो, विचारी माणूस म्हणतो. ज्याने समोरच्याला विचारलंच नाही त्याने विचार कसला केला मग? पुस्तकं वाचली असतील. वाचावीतच, मी स्वतः सार्वजनिक वाचनालयाची मेंबर आहे, १८४० पासूनचं वाचनालय आहे आपल्या गावात, त्याचा अभिमान आहे मला, पण वाचून वाचून माणूस जर असं बोलायला लागत असेल तर काय उपयोग त्याचा!

आणि हे याच गावात. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, आणि हजारो बायामाणसं. वर्षानुवर्षं चालला. दार उघडलं नाही. आतल्या बाजूला काय अडाणी लोक होते का? शास्त्री होते, पंडित होते, ग्रंथच्या ग्रंथ तोंडपाठ असलेले. आमच्या पार्किंगची त्याच्याशी बरोबरी करत नाहीये मी, तेवढी अक्कल आहे मला. पण ती विद्या बाहेरच्या माणसाशी दोन शब्द बोलायला कामी आली नाही ती नाहीच.

सॉक्रेटिसची गोष्ट सगळ्यांना माहितीये, इसवी सनापूर्वी ३९९, अथेन्स, सत्तर वर्षांचा म्हातारा, विषाचा पेला. पोरांना बिघडवतो, देवांना मानत नाही, हे आरोप. पाचशेच्या आसपास पंच बसलेले आणि एका दिवसात निकाल. अन्यायच तो. पण तिथे एक पद्धत होती, भांड्यातनं पाणी गळायला लावायचे आणि ते संपेपर्यंत बोलायचं. आरोप करणाऱ्याला जेवढं पाणी तेवढंच आरोपीला. म्हणजे ज्यांनी त्याला मारलं त्यांनी सुद्धा त्याला बोलू दिलं. आमच्याकडे काकांना एक थेंब नाही!

आणि रामशास्त्री. १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, शास्त्रीबुवांनी चौकशी केली आणि खुद्द राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणं सोडून गेले. हेच राघोबादादा आणि आनंदीबाई आपल्या आनंदवल्लीत राहायचे, आपण रोज गाडी घेऊन जातो तिथनं. आनंदीबाईंच्या 'ध चा मा'ची आख्यायिका पोराटोरांना पाठ आहे. आमच्या ग्रुपवर काल मेसेज काय होता, काकांची चौकशी करू. आज झालं काय, काकांना काढू. ध चा मा असाच होतो, कुणाला पेन सुद्धा लागत नाही.

हो, सायकल महागाची होती आणि ज्या पोराची गेली तो रडत होता, ते वाईटच झालं. आणि एजन्सीचा माणूस असतो, बोलायचं ते एजन्सीशीच असाही नियम असेल. असेल बाबा.

ते पाकीट कधीच सापडलं नाही. लोकांना वाटतं अशा गोष्टीत शेवटी खरा चोर सापडतो, तसं काही झालं नाही, सहलीला मला नेलंच नाही, वर्षभर पोरी कंपासपेटी झाकून घ्यायच्या. शिपाई मामांच्या शब्दाला तरी काय वजन, ते बाईंना जाऊन बोलले पण, "पोर खोटं बोलत नाही बाई," आणि बाई म्हणाल्या तुम्ही तुमचं काम करा. एवढंच. तरी चाळीस वर्षांनी मला बाईंचा चेहरा आठवत नाही, मामांचा आठवतो.

राग लिहिताना उतरत चाललाय आणि आता खरं सांगते, मला राग माझाही आलाय. सायकल जाऊन दोन दिवस झाले, मी चार वेळा गेटमधनं गेले, काकांनी चार वेळा गेट उघडलं, मान खाली घालून. मी एकदाही थांबले नाही. मीटिंगमध्ये दुसऱ्यांना म्हटलं, विचारलं का. मी विचारलं होतं का?

म्हणून मघाशी घाटावरून फोन लावला. सुरुवात कशी करावी कळेना, मग मामांचंच वाक्य तोंडात आलं, काका, काय झालं, तुम्ही सांगा. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, खोटं कशाला बोलू, तीनच्या सुमाराला डोळा लागला माझा. दिवसा साईटवर जातोय ना, पोरीची फी भरायचीय. पण सायकलीला हात नाही लावला." म्हणजे चूक आहे. झोपले ते. त्याची काय शिक्षा द्यायची ती बसून ठरवू की, पण ती झोपेची शिक्षा असेल, चोरीची नाही.

कमिटीतले सगळे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, वाचालच. रविवारी दहाला परत मीटिंग बोलवा. काका येतायत, मी सांगितलंय त्यांना. खुर्ची एक जास्त मांडा.