‘आधी प्लग, मग कॉइल, शेवटी ईसीएम’ : दुरुस्तीनंतरच्या मिसिंगवरचा हा सल्ला का चुकतो

सध्या सगळीकडे फिरणारा एक सल्ला थोडक्यात असा आहे : “काम करून आणल्यावर गाडी मिसिंग मारत असेल तर प्लग बदला. नाही गेलं तर कॉइल बदला. तरी राहिलं तर इंजेक्टर साफ करा आणि ऑक्सिजन सेन्सर टाका. बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवा, ईसीएम रिसेट होईल. कोणता सिलिंडर मरतोय हे बघायला चालू इंजिनात एकेक कॉइल उचला. आणि हल्लीच्या मिसिंगचं मूळ बहुतेक वेळा ई२० पेट्रोलच असतं. एवढ्यानेही फरक पडला नाही तर ईसीएम गेला समजा.”

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं, कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग, ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर आणि ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. या सल्ल्यातला प्रत्येक सुटा भाग कधी ना कधी खराब होतोच, म्हणून हा सल्ला पटतो. पण त्यात एकही मोजमाप नाही आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न गाळलेला आहे : गॅरेजमध्ये काम कशाचं झालं होतं?

“आधी प्लग बदला, मग कॉइल”

दुरुस्तीआधी नीट चालणारी गाडी दुरुस्तीनंतर मिसिंग मारते, तेव्हा नेमका त्याच दिवशी आपोआप कॉइल मेला असण्याची शक्यता कमी असते. जिथे हात लागला तिथे काहीतरी सैल राहिलं, फाटलं, चिमटलं किंवा अदलाबदल झालं असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. म्हणून तपासणीची सुरुवात बिलावर लिहिलेल्या कामापासून करायची.

टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग बदललं असेल तर चारही कॉइल निघालेले असतात. कपलर (वायरचे जोड) पूर्ण ‘टक्’ होऊन बसले का, त्यांची लॉकची पट्टी तुटली आहे का, दोन शेजारच्या कॉइलचे कपलर उलटे लागले आहेत का, हे आधी बघायचं. मग प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारायची. प्लग-ट्यूबची सील नीट बसली नाही तर खड्ड्यात ऑइल साचतं, कॉइलचं रबरी बूट फुगतं आणि ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी बाजूने बॉडीला पळते. कव्हरवर येणारा पीसीव्हीचा (इंजिनमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप अर्धवट बसला असेल तर तिथून न मोजलेली हवा आत जाते.

इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) उघडला असेल तर जुनंच पॅकिंग परत लावलंय का ते विचारा. इंजेक्टरच्या ओ-रिंगला बसवताना तेलाचा हात लावला नाही तर ती दुमडते आणि कापली जाते. वरची ओ-रिंग फाटली तर पेट्रोलचा वास येतो, खालची फाटली तर त्या एकाच सिलिंडरला जादा हवा मिळते. अशा गाडीला ईसीएमकडून पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग) सारखा एकाच सिलिंडरचा कोड येतो आणि मालक नवा कॉइल घेऊन येतो.

क्लचचं काम झालं असेल तर इग्निशनकडे बघण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्सची अर्थिंगची पट्टी बघा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या कोऱ्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरताना ०.२ व्होल्टच्या फार वर आकडा जात असेल तर पट्टी सैल, गंजलेली किंवा लावायचीच राहिलेली आहे.

क्लचच्या कामात आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. ईसीएम मिसिंग ओळखतो ते क्रँक सेन्सरवरून. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक सिलिंडर पेटतो, आणि त्या १८० अंशांत क्रँक अपेक्षेपेक्षा मंद फिरला की त्या सिलिंडरच्या नावावर मिसिंग नोंदलं जातं. फ्लायव्हील, सेन्सरची दातेरी रिंग किंवा क्रँक सेन्सर बदलला की अनेक गाड्यांत स्कॅनरने दात्यांची नवी शिकवण द्यावी लागते. ती दिली नाही तर इंजिन गुळगुळीत चालत असतानाही पी०३०० (नेमका सिलिंडर न सांगणारा मिसिंगचा कोड) येत राहतो. तिथे प्लग, कॉइल, इंजेक्टर काहीही बदलून उपयोग नाही, कारण मिसिंग मुळात झालेलंच नाही.

आता खरंच कॉइलवर संशय असेल तर दुकानात जाण्याआधी अदलाबदल करा. समजा कोड पी०३०२ आहे. दुसऱ्या सिलिंडरचा कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याचा दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, आणि ज्या परिस्थितीत मिसिंग येतं तशाच परिस्थितीत गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. दुसऱ्यावरच राहिला तर कॉइल जागच्या जागी ठेवून प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन एकदम हलवल्या तर निकाल कशामुळे आला ते कळत नाही. एका कॉइलवर दोन सिलिंडर चालणाऱ्या जुन्या रचनेत पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या एकत्र ठिणगी टाकतात. तिथे कॉइल बिघडला तर सहसा जोडीतले दोन्ही सिलिंडर त्रास देतात. एकच मरत असेल तर प्लग किंवा वायर बघा.

‘नवे प्लग टाकले, चार दिवस बरं चाललं, परत तेच’ ही तक्रार फार ऐकू येते. त्यामागे बहुतेक वेळा जुनं बूट असतं. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळाली आहे. तशीच रेघ बुटाच्या आतही असते. नुसता प्लग बदलला तर बुटातल्या रेघेवरून ठिणगी परत तीच वाट धरते आणि नव्या प्लगवरही रेघ उमटते. दोन्ही एकत्र बदलायचे. चिनीमाती आणि धातूच्या सांध्याशी असलेला तपकिरी डाग मात्र वेगळा. तो जास्त व्होल्टेजमुळे तेलाचे कण चिकटून पडतो, त्याने मिसिंग होत नाही.

नवा प्लग म्हणजे योग्य प्लग असंही नाही. गॅप फीलर गेजने मोजा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. एनजीकेच्या क्रमांकात उष्णतेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशच्या क्रमांकात उलट. नुसता आकडा जुळवून कंपनी बदलली तर चुकीचा प्लग बसतो. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशरवाल्या १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २० पुरतात. टॉर्क रेंच नसेल तर हाताने पूर्ण बसवून, नवा वॉशर दाबला जाईल एवढा अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. पाना वाकडा धरून आवळला तर चिनीमातीला आतून तडा जातो. तो बाहेरून दिसत नाही, फक्त चढावर जोर लागला की जाणवतो.

“चालू इंजिनात कॉइल उचला”

हे कृपा करून करू नका. कॉइलमधून निघणारं व्होल्टेज वीस ते चाळीस हजारांच्या घरात असतं. प्लगची वाट तुटली की ते कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतं, त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर मारतं, किंवा तुमच्या हातातून जातं. चांगला कॉइल या तपासणीतच मरू शकतो. शिवाय त्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल थेट एक्झॉस्टमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं.

त्याऐवजी इंजेक्टरचा कपलर काढा. तिथे बारा व्होल्ट असतात आणि पेट्रोलही थांबतं. ज्या सिलिंडरचा कपलर काढल्यावर इंजिनच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तोच मुळात काम करत नव्हता. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या टर्बो पेट्रोल इंजिनांत मात्र इंजेक्टरलाही जास्त व्होल्टेज असतं. तिथे कपलरला हात न लावता स्कॅनरमधून एकेक सिलिंडर बंद करून बघायचं.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर अर्थ असा की कन्व्हर्टर खराब होईल इतकं मिसिंग चालू आहे. अशा वेळी रेस सोडा आणि गाडी टो करून न्या. आतली जाळी वितळून चोंदली की एक्झॉस्ट कोंडतो आणि मूळ बिघाड काढल्यावरही गाडी ओढत नाही.

“बॅटरी काढून रिसेट करा”

कोड पडला त्या क्षणाची नोंद ईसीएमकडे असते : आरपीएम किती, इंजिनवर भार किती, पाणी किती गरम, गाडीचा वेग किती. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. थंड इंजिन, ८०० आरपीएम आणि कमी भार असेल तर हवेची गळती किंवा ओघळणारा इंजेक्टर. २५०० आरपीएम आणि भरपूर भार असेल तर ठिणगी किंवा पेट्रोलचं प्रेशर. आयडलिंगला आणि फक्त गरम झाल्यावर असेल तर व्हॉल्व्ह. एवढा धागा हातात असताना बॅटरी काढली की तो पुसला जातो, शिकलेला फ्युएल ट्रिमही (ईसीएमने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली कमी-जास्त) जातो. आधी साध्या ब्लूटूथ स्कॅनरने सगळ्याचा फोटो काढा. कोडच नसेल तरी स्कॅनरच्या ‘मोड ०६’मध्ये सिलिंडरनिहाय मिसिंगची मोजणी बऱ्याच गाड्यांत दिसते.

“ऑक्सिजन सेन्सर टाका”

इथे यंत्र खरं सांगतं आणि माणूस चुकीचा अर्थ लावतो. सिलिंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, ऑक्सिजन कळतो. तो ‘मिश्रण पातळ’ म्हणतो, ईसीएम पेट्रोल वाढवतो आणि पी०१७१ कोड येतो. सेन्सर चांगला आहे म्हणूनच हे घडलं.

खरी हवेची गळती ओळखायची तर गरम इंजिनवर शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमची बेरीज बघा. साधारण उणे १० ते अधिक १० टक्के ठीक. आयडलिंगला अधिक २० आणि २५०० आरपीएमला ३-४ वर येत असेल तर मॅनिफोल्ड किंवा एखादा पाइप हवा खातोय. उलट आयडलिंगला ठीक आणि जोर लागल्यावर वाढत असेल तर पंप, फिल्टर किंवा पेट्रोलचं प्रेशर बघा. गळतीची नेमकी जागा स्मोक मशीनने शोधावी. गरम एक्झॉस्टशेजारी कार्ब क्लीनर फवारून शोधण्याची पद्धत आग लावू शकते.

इंजेक्टर क्लीनिंगबद्दल एवढंच : आधी रेझिस्टन्स मोजा, पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक इंजेक्टरांचा ११ ते १६ ओहम भरतो. चार दिवसांपूर्वी स्वच्छ असलेला इंजेक्टर क्लच बदलल्याने चोंदत नाही.

“ई२० मुळेच”

ई२० बद्दल मायलेजची, जुन्या गाड्यांच्या रबरी भागांची काळजी रास्त आहे, पण ती इथे लागू होत नाही. ई१० साठी हवा-पेट्रोलचं रासायनिक प्रमाण सुमारे १४.१ ला १, ई२० साठी सुमारे १३.५ ला १. म्हणजे चारेक टक्के जास्त इंधन लागतं, आणि ते ट्रिमच्या आवाक्यात असतं. शिवाय टाकी एकच असते. इंधनाचा दोष चारही सिलिंडरांना भोगावा लागतो, कोड सतत पी०३०३ असेल तर पेट्रोल कारण नाही. पावसाळ्यात टाकीत पाणी गेल्याचा संशय असेल तर १०० मिलिलीटर पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा.

सल्ल्यात नसलेली गोष्ट : कॉम्प्रेशन

हेड उघडलेलं असेल, टायमिंग चेन बदलली असेल, तर पहिली खरी तपासणी हीच, आणि या सल्ल्यात तिचं नावही नाही. बॅटरी चार्ज, इंजिन गरम, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइल आणि इंजेक्टरचे कपलर सुटे, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. गेज लावून सुई वाढायची थांबेपर्यंत सेल्फ मारा, साधारण पाच-सहा दाब. निरोगी पेट्रोल इंजिनात ११ ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास मिळतं. त्याहून महत्त्वाचा सिलिंडरांमधला फरक. तो एक-दीड किलोच्या वर गेला की बाहेरचे भाग बदलणं थांबवा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. दाब वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

हायड्रॉलिक टॅपेट नसलेल्या इंजिनात हेडच्या कामानंतर क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या वर ठेवलेली फट) घट्ट राहिला तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. थंड असताना गाडी छान, वीस मिनिटांनी सिग्नलला थरथर. हे लक्षण इतकं ठळक आहे की त्यावर तीन कॉइल वाया जाताना बघून वाईट वाटतं. सीएनजीवरच्या गाड्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजून हा क्लिअरन्स आपोआपही कमी होतो. सीएनजीला ठिणगीचं व्होल्टेजही जास्त लागतं, त्यामुळे अशक्त कॉइल किंवा वाढलेला गॅप आधी गॅसवर उघडा पडतो. पेट्रोलवर व्यवस्थित आणि गॅसवर मिसिंग असेल तर इग्निशन, गॅसचे इंजेक्टर आणि रेग्युलेटर बघा. दोन्हीवर सारखंच असेल तर कॉम्प्रेशनही मोजा.

चेन एक दाता चुकली तर चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन थोडं थोडं कमी येतं आणि पिकअप मेल्यासारखा होतो. पी००१६ (क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा कोड) येतो, पण प्रत्येक गाडीत येतोच असं नाही. गरम इंजिनवर, आयडलिंगला, एसी बंद ठेवून मॅनिफोल्डचं प्रेशर स्कॅनरवर बघा. ते साधारण ३० ते ४० किलोपास्कल हवं, पन्नासच्या पुढे असेल तर टायमिंगच्या खुणा परत जुळवून पाहा. व्हॅक्यूम गेज वापरत असाल तर उंचीचा हिशेब धरा. दर ३०० मीटरला गेजवरचा आकडा सुमारे एक इंच (पाऱ्याचा) कमी होतो, त्यामुळे साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात मुंबईपेक्षा दीड-दोन इंच कमी दिसणं हा बिघाड नाही.

“नाहीतर ईसीएम गेला”

ईसीएमवर यायचं तर त्याआधी कॉइलच्या कपलरवर चावी ऑन असताना बॅटरीइतके व्होल्ट येतात का, अर्थ पक्का आहे का, आणि सेल्फ मारताना सिग्नलच्या पिनवर ठोके दिसतात का, हे तपासलेलं हवं. ठोके नसतील तर तीच वायर कपलरपासून ईसीएमच्या पिनपर्यंत मोजायची, आणि मोजताना हार्नेस (वायरांचा जुडगा) हलवत राहायचं. मॅनिफोल्ड किंवा ब्रॅकेटच्या बोल्टखाली चिमटलेली वायर अशीच सापडते. वायर शाबूत, वीज आणि अर्थ ठीक, क्रँक आणि कॅम सेन्सरचे सिग्नल ठीक, आणि तरीही एकाच सिलिंडरला ठोका नाही, तेव्हाच ईसीएमचा ड्रायव्हर, म्हणजे कॉइलला चालवणारा आतला भाग, गेला असं म्हणता येतं. जुन्या बाजारातला ईसीएम आणून लावला तर इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) जुळवल्याशिवाय बहुतेक गाड्या सुरूच होत नाहीत. आणि ड्रायव्हर कॉइल शॉर्ट झाल्यामुळे गेला असेल तर तो कॉइल न बदलता लावलेला नवा ईसीएमही त्याच पिनवर जळतो.